काठ सरळ आल्यावर

प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने प्रोग्रामरला एकाच मध्यवर्ती संगणकाच्या, म्हणजे केंद्राच्या, गुलामीतून मुक्त केलं, असं या विषयावरच्या प्रत्येक भाषणात सांगतात. खरं आहे ते. प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पाची पूर्ण प्रत, पूर्ण इतिहास. इंटरनेट नसलं तरी काम करा, नोंद करा, सवडीने पाठवा. माझी अडचण एवढीच, की मला त्या केंद्रापर्यंतच पोचायचं होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी चादरींची डिझाइनं करतो. फोन गेटवर जमा होतात, शेडमध्ये इंटरनेट नाही. चित्र दिलं की मागाच्या पुठ्ठ्यांना कुठे भोकं पाडायची ते सांगणारा एक मुक्त, म्हणजे कुणीही फुकट वापरावा आणि दुरुस्त करावा असा, प्रोग्राम मी वापरतो. परदेशातले चार-पाच जण तो फावल्या वेळात सांभाळतात. आमच्या मागांवर त्याचा काठ तिरका यायचा. ती चूक दुरुस्त करावी आणि आपली दुरुस्ती मूळ प्रोग्राममध्ये जावी, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मला उरली होती.

जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून मी एकेक दुरुस्ती नोंदवायचो. पुठ्ठे शिवणारे मास्तर शेजारी डबा खात बघायचे.

"कुणाला धाडलं वो?"

"कुणालाच नाही. नुसती नोंद केली."

"मंजे सोताचं सोतालाच सांगायलाव की!"

घरी इंटरनेट होतं. रोज पाठवता आलं असतं. लहान लहान बदल पाठवा, आधी विचारा, असं त्या लोकांनी लिहूनही ठेवलं होतं. पण अर्धी चादर मागावरून कापून गिऱ्हाईकाला दाखवायची पद्धत आमच्याकडे नाही. तिकडे काय चाललंय तेही मी बघितलं नाही. दुसऱ्याच्या मागावर डोकावणं बरं दिसत नाही.

आठ महिन्यांनी काठ सरळ आला. मास्तरांनी चादर उन्हात धरून बघितली.

"लई सरळ. आता धाडा की."

त्या संध्याकाळी, मूळ प्रोग्राममध्ये घ्या अशी विनंती जोडून, सगळं एकदम पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अत्यंत सभ्य उत्तर आलं. इतकं नीटस काम बघून आनंद झाला. पुठ्ठ्यांचा भाग मात्र चार महिन्यांपूर्वीच काढून टाकला आहे. काढण्याआधी सहा आठवडे सूचना लावली होती, हे कुणी वापरतं का म्हणून. कुणीच बोललं नाही.

मास्तरांना सांगितलं. त्यांनी सुईत दोरा ओवून घेतला.

"मंग आपुन काय करत हुतो?"

माझी विनंती बंद करण्यात आली. तिच्याखाली दोघांनी बदामाचं चिन्ह लावलं आहे.