वारा येस, पन जास कथा?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात आईकडेच होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आली ती त्यांची गाडी. आता तिचं बॉनेट कोण उघडणार... रडू मागाहून आलं, आणि मग थांबेना.

मामांचं भुसावळला कापडाचं दुकान. उतारवयात या गृहस्थांनी एक जुनी लाल स्पोर्ट्‌स कार घेतली. दोघांपुरती, जमिनीला टेकलेली आणि कायम तापलेली. धुळ्याला आईकडे, म्हणजे त्यांच्या अक्काकडे, यायला निघाले की पारोळ्याच्या आसपास इंजिन उकळायचंच. आईने बजावलं होतं की भर उन्हाळ्यात गाडी कुठेही न थांबता दारात आली, तरच ती तिच्यात बसेल. अक्काला बसवल्याशिवाय मामांना चैन नव्हतं. रेडिएटर मोठा झाला, जास्तीचा पंखा आला, उकळणं तसंच.

एका दुपारी ते आमच्या कूलरसमोर घाम पुसत बसले होते. आईने उठून समोरची, रस्त्याकडची खिडकी उघडली आणि सहज म्हणाली, "वारा येस, पन जास कथा?"

वारा येतो खरा, पण जातो कुठे! मामा ताडकन उठून गाडीकडे गेले. इतके दिवस ते वारा आत घ्यायच्याच मागे होते. बॉनेटखाली तापलेला वारा बाहेर कुठून जाणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी बॉनेटची काचेकडची कड वॉशर घालून उचलली. गाडी उभी असताना गरम हवा छान बाहेर यायची, पण रस्त्याला लागली की इंजिन आणखीच तापायचं. हे काय गौडबंगाल, म्हणून त्यांनी दुकानातल्या लोकरीचे धागे बॉनेटभर चिकटवले आणि मला शेजारी बसवलं. मी धागे बघायचे, त्यांनी रस्ता. काचेजवळचे धागे चक्क फटीतून आत ओढले जात होते! काचेला अडलेला वारा तिथूनच आत घुसत होता. रेडिएटरच्या जरा मागचे धागे मात्र वर उचलले जात होते, म्हणजे वाट तिथे हवी होती. त्या देखण्या पत्र्याला करवत लावायची म्हणून मामा कितीतरी दिवस चुळबुळत राहिले. शेवटी मागची फट बंद केली आणि पुढे चिरा पाडल्या.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी गाडी थेट आमच्या दारात आली. आई खिडकीतच उभी होती. पदर खोचून ती गाडीत बसली, आमचं सगळं देवपूर फिरून आली आणि उतरताना म्हणाली, "बरी शे." मामांना तेवढं पुरलं.

थंडी सरता सरता मामा गेले. गाडी भुसावळला झाकून ठेवली आहे. परवा ऊन चढलं तशी आई उठली, रस्त्याकडची खिडकी उघडली आणि तिथेच उभी राहिली. कूलरसाठी उघडलीस का, असं मी विचारलं. ती हो म्हणाली.

कूलर अजून माळ्यावरून खाली काढलेलाच नव्हता.