पाय न टेकता सासुरवाडी

माझं लग्न झालं तेव्हा सोलापुरात आमच्या चाळीत सायकल एकच होती आणि ती आमच्या खोलीत होती. हे गिरणीत मागावर कामाला. कोणा विलायती साहेबानं मायदेशी जाताना काढून टाकलेली सायकल यांनी घेतली आणि तिच्यावर इतका जीव लावला, की उन्हाळ्यात आम्ही दोघं बाहेर ओसरीवर झोपत असू आणि सायकल आत, कडी लावून. फोडणीला करडईचं तेल कधी असे, कधी नसे. साखळीला मात्र रोज असे. शेजारणी मला विचारत, "काय गं, आज तुमच्या घरी कोण न्हालं?" मी म्हणे, "थोरली." हे ऐकत, पण त्यात त्यांना थट्टा आहे असं कधी वाटलं नाही.

माझं माहेर अक्कलकोटच्या रस्त्यावर, कुंभारीच्या पुढं. चार बैलांची शेती आणि थोडी मेंढरं. वडील मनानं मोकळे, पण कोणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय त्यांना घास जात नसे. आणि माझे हे असे, की इतरांची केलेली थट्टा त्यांना दुसऱ्या दिवशी कळायची आणि स्वतःची केलेली लगेच. असे दोघं सासरे-जावई झाले, यात माझं काय चुकलं ते देवालाच ठाऊक.

पहिल्या दिवाळसणाला मी आधी गाडीनं गेले आणि हे मागून सायकलवर आले. अंगात कोट, डोक्याला जरीची टोपी, साखळीत अडकू नये म्हणून धोतराचा सोगा वर खोचलेला. वडिलांनी पाय धुवायला पाणी दिलं, हाताला धरून घरात नेलं आणि सायकल गड्याकडून गोठ्यात बांधून घेतली. खरोखरच बांधून घेतली. दांडीला दावं, दाव्याचं टोक खुंट्याला आणि समोर कडब्याची पेंढी. मग सगळ्या गावाला बोलावून म्हणाले, "जावईबापू, तुमचं जनावर लई लाजरं हाय. पेंढी टाकली तरी तोंड लावंना. दूध तरी देतंय का?"

गाव हसलं. हेही हसले, जरा उशिरानं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण यांच्या घामानं खारवलेली ती कातड्याची सीट शेजारच्या बैलाला आवडली. त्यानं ती आधी चाटली आणि मग निवांत चघळली. सकाळी स्प्रिंगा तेवढ्या शिल्लक होत्या. मस्करीची कुस्करी म्हणतात ती मी तेव्हा डोळ्यांनी पाहिली.

त्या बिनसीटच्या सायकलवर उभ्यानं पायडल मारत हे सोलापूरला परत निघाले. वेशीत थांबून सगळ्यांसमोर म्हणाले, "या गावात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि माझ्या घरातलंही कोणी ठेवणार नाही." घरातलं म्हणजे मीच. दुसरं होतं कोण?

वडिलांनी नंतर धाकट्या भावाला मुराळी म्हणून मला न्यायला पाठवलं. तो चहा पिऊन एकटाच परत गेला. पुढच्या खेपेला तो कोरी करकरीत सीट घेऊन आला. यांनी तिला हातसुद्धा लावला नाही, स्वतःच्या पैशानं दुसरी आणून बसवली. म्हणाले, "सीटचा प्रश्न नाही, मानाचा आहे." तिकडं वडीलही पेटले. माफी मागायची तर बैलानं मागावी, असं म्हणाले म्हणे. दोघांनाही हे प्रकरण मिटायला हवं होतं, हे मला दिसत होतं. पण रुसवा धरायला काही लागत नाही, सोडायला निमित्त लागतं, आणि ते कोणालाच सापडत नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझं चाळीत झालं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. शेजारणींनी होईल तेवढं केलं. मुलगा झाला आणि बारशाआधीच गेला. दोष कोणाचाच नव्हता. माहेरी असते तरी कदाचित तेच झालं असतं. पण त्या दिवसांत आई माझ्याजवळ नव्हती, हे काही केल्या मनातून जाईना. मागाहून आई आणि वडील भेटायला आले. वडील आणि हे ओसरीवर समोरासमोर बसले, दोघांनी डोळे पुसले, पण एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

मला पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. मला आईजवळ जायचं होतं. बाकी काही नको होतं. यांना मी हे एकदाच बोलून दाखवलं. ते बराच वेळ चाकाच्या तारा पुसत राहिले आणि मग म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही, हे लग्न झालेल्या कुठल्याही बाईला कळतं. मी पुन्हा विषय काढला नाही.

त्याच थंडीत पेठेतल्या तालमीनं सायकलींची शर्यत जाहीर केली. सोलापूरहून निघायचं, अक्कलकोटच्या वेशीला पंच बसलेले असतील त्यांच्याकडून कपाळाला गुलाल लावून घ्यायचा आणि परत यायचं. गुलाल नसेल तर अर्ध्या वाटेतून फिरला असं समजायचं. पहिल्या येणाऱ्याला चांदीचं कडं आणि फेटा. रस्ता सगळा मुरमाचा, त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या, काठानं बाभळी. चाक चाकोरीत गेलं की सायकल आपल्या मर्जीनं जाते आणि बाहेर काढायला गेलं की माणूस मुरमावर. यांचे गुडघे त्या महिन्यात कधी धड नव्हते.

तयारी तरी किती करावी. पहाटे भोंग्याआधी उठून कुंभारीच्याही पुढं जाऊन येत. भिजवलेले हरभरे खिशात टाकून गिरणीत जात आणि मागाच्या खडखडाटात चावत. संध्याकाळी मांड्यांना तेल चोळून घेत आणि तळहाताला राहिलेलं साखळीला पुसत. ते चांदीचं कडं यांच्या मनगटात मला रोज दिसायला लागलं. यांनाही दिसत असावं, कारण जेवताना ते उजव्या मनगटाकडं बघत.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. अक्कलकोटचा रस्ता आमच्या गावाच्या वेशीतून आत शिरून पाराजवळून बाहेर पडायचा. मी विचारलं, "मग शपथेचं काय करणार?"

"शपथ पायाची आहे," हे म्हणाले. "पाय पायडलवर असणार. गावातून चाकं जातील, मी कुठं जातोय?"

यांच्या डोक्यातून इतकी सरळ वाट निघालेली मी कधी पाहिली नव्हती. वकील व्हायला हवे होते, असं मी म्हटलं. आतून मला राग आला होता. शर्यतीसाठी शपथेला वाट सापडते आणि माझ्यासाठी सापडत नाही, असं वाटलं. सातवा लागत आला होता. त्या दिवशी मी भाकरी थापताना मुद्दाम मोठ्यानं थापल्या. यांना काही कळलं नाही.

शर्यतीच्या दिवशी दुपारी मी शेजारणींबरोबर नाक्यावर जाऊन उभी राहिले. लोकांची ही गर्दी. पहिला आला तो तालमीतलाच एक पहिलवान. त्याला खांद्यावर घेऊन लोक नाचले. मग दुसरा आला, तिसरा आला. गर्दी पांगायला लागली तरी यांचा पत्ता नाही. मी काळजीनं रस्त्यावर पुढं चालत गेले तेव्हा कुठं हे दिसले. यांच्या मागं एकच जण होता आणि तो पंक्चर झालेली सायकल हातात धरून चालत होता.

कपाळाला गुलाल होता. अंगावर मुरमाची लाल धूळ. आणि मिशीला काहीतरी पांढरं वाळलेलं. मी जवळ जाऊन पाहिलं. ताक होतं.

घरी आल्यावर पाय गरम पाण्यात सोडून बसले आणि एकदम म्हणाले, "ट्रंक भरून ठेव. मुराळी येईल."

मी म्हटलं, "कुठला मुराळी?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. परत येताना हे गावात शिरले आणि पाराजवळ वडिलांनी पुढं होऊन मागनं कॅरिअर धरलं. बैलाचं शेपूट धरावं तसं दोन्ही हातांनी. हे म्हणाले, "मामा, सोडा. शर्यत चालू आहे."

"असू द्या की. माजी कुटं चालू हाय?"

"सोडा म्हणतो ना."

"पोरीला कवा धाडता ते सांगा, मग सोडतो."

आता उतरून हात सोडवावा, तर पाय गावाच्या जमिनीला लागतो आणि शपथ मोडते. बसून राहावं, तर शर्यत जाते. इकडं आड, तिकडं विहीर. वडिलांचा हात म्हणजे नांगर धरणारा हात, तो काय सुटतोय? सायकल त्यांनी अशी तोलून धरली होती, की पाय न टेकताही हे बसलेले तसेच. तेवढ्यात घरातून आईनं ताकाचा तांब्या आणला. तो यांनी सीटवर बसल्या बसल्या संपवला. जावई उपाशी गेला असं नको, म्हणून. शेवटी यांनी "धाडतो" म्हटलं, तेव्हा वडिलांनी कॅरिअर सोडलं आणि पाठीमागून असा काही रेटा दिला, की चढापर्यंत पायडल मारावं लागलं नाही.

"तुझ्या वडिलांनी माझं कडं घालवलं," हे म्हणाले. चार दिवस चाळीत भेटेल त्याला तेच सांगत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी ट्रंक भरत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

भाऊ गाडी घेऊन आला. गाडीत कडबा, त्यावर वाकळ, वर मी. हे सायकलवर पुढं निघाले. वेशीपर्यंत पोचवायला येतो म्हणाले. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. कुंभारी मागं पडली, आणि आमचं गाव अजून लांब असतानाच भावानं चांगला रस्ता सोडून बैल उजव्या हाताच्या खडबडीत गाडीवाटेला घातले.

मी विचारलं, "हिकडं कुठं रे?"

"ह्योच आपला जुना रस्ता, आक्का. त्यो चांगला रस्ता लोकल बोर्डानं नवा काडला. गावाला वळसा घालून तसाच फुडं जातुया. तू आलीच न्हाईस, तुला कसं ठावं असंल?"

"मग शर्यत कुठनं गेली?"

"नव्या रस्त्यानं की. समदं गाव हितं फाट्याला येऊन हुबं हुतं. आई घरी हुती, आन आबा तेवडं आलं न्हाईत. म्हनले, मी न्हाय बगनार त्येंची सायकल. पारावर एकलेच बसले." मग भावानं बैलांना टिचकारलं आणि हसून म्हणाला, "परत येताना दाजी पार समद्यांच्या फुडं हुते, आक्का. मागं दूरपातूर कोन न्हाय. हितं आले, लोकांत जरा हिकडं तिकडं बगितलं, आन वळले की गावात. आमी वरडतोय, दाजी, वाट चुकली, वाट चुकली. ऐकत्यात कुटं?"

गावात सगळे म्हणत होते, सोलापूरच्या जावयाची वाट चुकली. रोज पहाटे ज्या माणसानं तो रस्ता घासला, त्याची वाट चुकली.

मी पुढं पाहिलं. हे गाडीवाटेच्या कडेकडेनं, चाकोरी चुकवत, मान खाली घालून चालले होते. फाट्याच्या गर्दीत यांनी कोणाला शोधलं असेल ते मला कळलं. तो माणूस तिथं नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या पुढं असताना सायकल वळवून त्याला गाठायला गेले. आणि घरी येऊन मला सांगितलं, की तुझ्या वडिलांनी धरलं. मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी या माणसाच्या बघूचा अर्थ चुकीचा लावत होते, आणि आता त्याच्यावर मला इतकं प्रेम आलं, की सांगायला लाज वाटावी.

भावाला वाटलं, मला गाडीचे हादरे सोसत नाहीत. त्यानं बैल आवरले. गाडी थांबलेली पाहून हेही थांबले आणि मागं वळून आले. "फार हादरे बसतात का?" मी मानेनंच नाही म्हटलं. यांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा भावाकडं पाहिलं. काहीतरी उमगलं असावं, कारण कान लाल झाले.

मग सायकलवर बसलेच नाहीत. सायकल एका हातानं धरून, दुसरा हात गाडीच्या साठ्यावर ठेवून माझ्या शेजारून चालत राहिले. वेस आली, तरी थांबले नाहीत. तसेच चालत आत आले.