पायथा नसलेले डोंगर

रंगाऱ्याला सगळे कडेकपारी म्हणत. जन्म सपाट मुलखात गेला, चढण ठाऊक ती शिडीची. पण भिंतीवर डोंगर असा उभा करी, की बघणाऱ्याने गारठून बाह्या खाली ओढाव्यात. काळे ढग, तुटलेले कडे, वाऱ्याने वाकलेलं एकच झाड आणि माणसाचा मागमूस नाही. लोकांना असंच रान हवं असे, पंख्याखाली बसून बघायला.

त्याची एक रीत होती. आधी सोफ्याची पाठ मोजायची, मग तिच्या वरचंच रंगवायचं. झाकल्या भिंतीवर रंग कोण घालवतो? त्यामुळे घरोघरी त्याच्या डोंगरांना शिखरं होती, पायथा नव्हता.

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यातला सोफा काढून खुर्च्या आणल्या आणि डोंगर अधांतरी लटकला. ठणकत्या दाढेचे पेशंटही हसू लागले. मेहुणा तर चारचौघांत म्हणाला, "दाजी, डोंगर काय खुंटीला टांगलाय?"

ते झोंबलं. आयुष्यभराची अब्रू त्या कोऱ्या पट्ट्यावर आली. कडेकपारी ब्रश घेऊन भिंतीपुढे बसला, तर हात चालेना. खाली काय असतं, हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं.

घरी बायकोला विचारलं, "अगं, डोंगराखाली काय असतं?"

ती भांडी विसळत म्हणाली, "काय असणार? माणसं. कुणाची तरी बायको राबत असेल, आणि नवरा वर बघत बसला असेल."

दुसऱ्या दिवशी त्याने पायथ्याशी दोन घरं काढली आणि दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई.

डॉक्टर बाहेर आले. "अहो, हे निर्मनुष्य रान आहे. इथे परकर कसले वाळत घालता? पुसा ते."

आजवर गिऱ्हाईक म्हणेल ते त्याने मुकाट पुसलं होतं. फडकं हातात आलं, पण भिंतीपर्यंत जाईना. "साहेब," तो म्हणाला, "डोंगर सगळा पुसतो. बाई राहू द्या."

"पुसू नका हो काही," गाल सुजलेल्या एक मावशी खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "मघापासून हिच्याकडेच बघतेय, दाढ विसरले. पण वर एवढं वादळ, आणि हिचे कपडे इस्त्री केल्यासारखे सरळ? बाई दोरीवर घालतेय की भिंतीवर चिकटवतेय?"

कडेकपारीने जीभ चावली आणि ब्रश उचलला.

डॉक्टरांनी मावशींना आत बोलावलं.

"थांबा जरा," मावशी म्हणाल्या, "तिचा पदर उडू दे."