मुगीतु म्हणा

रेणुकाशी बोलताना आपलं बोलणं झालं की शेवटी 'मुगीतु' म्हणावं लागे. मुगीतु म्हणजे कानडीत 'संपलं'. तसं म्हटलं नाही तर ती आपल्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत गप्प उभी राही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोकांना वाटे, हिला काही कळत नाही. ती फक्त वाट बघत असे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आजऱ्याकडच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. बेंगळुरूत माझं कुणीही नव्हतं. राजाजीनगरात एक छोटी कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. तिचे मालक शेषाद्री सर यांनी मला शिकवायची नोकरी दिली आणि मागच्या खोलीत खाट टाकायला जागा दिली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पुढे जे घडलं त्यात या उपकारांचाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रेणुका तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं. घरात मराठी, पण त्या मराठीत कानडी मिसळलेली. पहिल्या दिवशी आई तिला घेऊन आली. "सर, शाळेत ठेवून घेईना झालेत हिला. स्वल्प सांभाळून घ्या," म्हणाली आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. तीत 'ऑटिझम' असं लिहिलेलं होतं. तो शब्द मी कधी ऐकलेला नव्हता. आर्टशी काहीतरी संबंध असेल, मुलगी चित्रं काढत असेल, असं मला वाटलं. "अरे वा, छान," मी म्हणालो. आईने चिठ्ठी हळूच घडी करून पर्समध्ये ठेवली.

धूळ नको म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची पद्धत होती. रेणुका आली की आधी त्या सगळ्या चपला मशीनच्या नंबरांप्रमाणे रॅकवर लावी. कुठली चप्पल कुठल्या मशीनवाल्याची, हे तिला पाठ होतं. मग आत येऊन ती नऊ नंबरवर बसे.

आमच्याकडे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर निरोप पाठवता येई. तो पडद्याच्या तळाशी एका ओळीत उमटे, आणि ओळ अगदी तोकडी. जरा मोठं बोलायचं तर तुकडे करावे लागत. समोरच्याचं संपलं की आणखी तुकडा यायचाय, ते कळत नसे. म्हणून मीच वर्गाला सांगितलं होतं, की शेवटी 'मुगीतु' लिहीत जा. बाकीच्यांनी ते दोन दिवसांत सोडलं. रेणुकाने धरून ठेवलं.

एकदा मधल्या सुट्टीत, खोलीत आम्ही दोघंच असताना, तिने चार हातांवरून मला निरोप पाठवला: "सर, माणसं मुगीतु म्हणत नाहीत. मग मी कधी बोलायचं? बोलले तर म्हणतात, मध्ये बोलू नको. गप्प बसले तर म्हणतात, हिला बोलता येत नाही. मुगीतु." चार तुकड्यांत आलेला तो निरोप मी दोनदा वाचला. मग फळा पुसायला उठलो. सुट्टी संपली होती.

माझं इंग्रजी कच्चं होतं. फळ्यावर मी चुकीचं स्पेलिंग लिहिलं की माझ्या पडद्यावर निरोप येई: "तिसरा शब्द चुकला. मुगीतु." मी गुपचूप पुसून नीट लिहीत असे. ती हे माझी लाज राखायला करी की तिला तेच सोयीचं होतं, मला माहीत नाही. हसं मात्र झालं नाही माझं. मला ज्यांनी उभं केलं त्यांत तीही होती.

पडद्यावर तिच्याभोवती गर्दी असे. "नऊ, माझा प्रोग्रॅम अडकलाय." "चौथी ओळ बघ. मुगीतु." सहा नंबरवरची शैला तर तिला रोज विचारी, आज काय जेवलीस? रेणुका लोणच्यासकट सगळं कळवी. बाहेर चहाच्या टपरीपाशी मात्र तीच शैला तिच्याकडे पाठ करून उभी राही.

एका शनिवारी सहा नंबरवरून रेणुकाला निरोप आला, तिच्या मागे उभा असताना मीही तो वाचला: "आज सगळे आइस्क्रीम खायला जाऊ. पाचला गेटपाशी थांब. मुगीतु." पाच वाजता मुलं मागच्या जिन्याने खिदळत निघून गेली. रेणुका गेटपाशी उभी. खिडकीतून मी तिला दोनदा पाहिलं. येईल कुणीतरी, असं स्वतःशी म्हणालो आणि कामाला लागलो. सात वाजता आई शोधत आली तेव्हा ती तिथेच होती.

सोमवारी वर्गाची परीक्षा होती. परीक्षेच्या मध्यावर सगळ्या मशीनवर नऊ नंबरवरून एकच निरोप आला: "तुम्ही आला नाहीत. मुगीतु." निरोप आला की बटण दाबेपर्यंत मशीन अडून राही. मुलं बटण दाबत, तो पुन्हा येई. परीक्षा बोंबलली. दुसऱ्या दिवशी पालक शेषाद्री सरांच्या केबिनमध्ये.

सर माझ्याशी हिंदीतच बोलत. म्हणाले, "मैं बुरा आदमी नहीं हूँ. पर एक के लिए बीस को कैसे छोड़ूँ? उसे तुम बता दो. तुम्हारी सुनती है." आइस्क्रीमचं कुणी बोललं नाही. मला ते ठाऊक होतं, पण मीही बोललो नाही.

तिच्यासमोर जायचा धीर झाला नाही. मी एक नंबरवर बसून लिहिलं: "नऊ नंबर बिघडलंय. घरी थांब. दुरुस्त झालं की कळवतो." शेवटी मुगीतु लिहिलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती. ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग उठली, चपला घालून गेली.

दीड वर्षानं मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. बहिणीसाठी साडी घ्यायला चिकपेटला गेलो, तर दुकानात रेणुकाची आई. "बरे आहात ना सर?" मग जरा थांबून, "ती अजून रोज वर्गाच्या वेळेला, दहाला, चपला घालून दाराशी बसते हो. सर कळवणार आहेत, त्यांचं संपलेलं नाही, म्हणते. अकराला मी उठवते. एकदा येऊन सांगा की."

रविवारी गेलो. रेणुका दाराशी खुर्चीवर बसली होती, पायांत चपला. मी खूप बोललो. नोकरीची गरज, सरांचे उपकार, माझा नाइलाज. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मी थांबलो. आतून आई म्हणाली, "सर, मुगीतु म्हणा."

मग मी म्हणालो, "रेणुका, मशीन बिघडलं नव्हतं. तुला काढून टाकलं. मी खोटं लिहिलं. मुगीतु."

"मशीन चालू होतं," ती लगेच म्हणाली. "तुमचा निरोप मी त्याच्यावरच वाचला. मुगीतु."

ती उठली, चपला काढून रॅकवर नीट ठेवल्या आणि आत गेली.

तिचं संपलं होतं; आता बोलायची पाळी माझी होती. आईने ठेवलेली कॉफी निवून गेली, तरी मी तिथे तसाच बसून होतो.