सातुर्निनाचे तेरा अंश

सातुर्निना आमच्या शाळेची स्वयंपाकीण. आवाज असा, की तिनं हाक मारली की पलीकडच्या टेकडीवर चरणारे लोकरी लामा माना वर करायचे. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "गावाच्या पोरांची पोटं भरतीया, आनि एक पोट कशाला गळ्यात बांधून घिऊ?" लामाच्या लेंड्यांच्या जाळावर तिचं सार रटरटायचं, त्यात वाळवलेले बटाटे शिजायचे. हातातली लाकडी पळी हाच तिचा हुद्दा.

शाळेत नवा आलेला विल्मर मास्तर भारी हौशी. वर्गात पाणी उकळण्याचा धडा झाला तसा म्हणाला, "पुस्तकात वाचलंत, आता हातानं करून बघा." पोरं थर्मामीटर घेऊन थेट सातुर्निनाच्या चुलीवर. पुस्तकात शंभर अंश लिहिलेले. पाणी सत्त्याऐंशीलाच खदखदायला लागलं आणि पारा तिथंच बसला. पोरांनी लेंड्या रचल्या, फुंकून डोळे लाल केले. पारा ढिम्म.

पोरांनी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पालकांची सभा.

"तेरा अंश गेलं कुठं?" पालकांचा म्होरक्या फाकुंदो गरजला. "इतकी वर्सं माज्या पोराला कच्चं घातलंस?"

"कच्चं? तुजं पोरगं अंगरख्यात मावंना झालंय कच्चं खाऊन!"

"जाळ चोरतीस तू. उरलेलं अंश घरी न्हेतीस."

"घ्या की झडती! घागऱ्यात बांधून न्हेतीया म्हनं अंश!"

बायकांनी खरोखर झडती घेतली. चघळायची कोकाची पानं निघाली, अंश एक निघाला नाही. तरी ठरलं, पळी काढून घ्यायची आणि फाकुंदोच्या मेहुणीला द्यायची.

मग मास्तर उठला. "मावशींची काही चूक नाही. आपण उंचावर राहतो, इथं हवेचा दाब कमी. म्हणून पाणी लवकर उकळतं. शंभर अंश गाठायचे तर समुद्रकाठीच जावं लागेल."

समुद्र म्हटल्याबरोबर सभेनं हात छातीवर ठेवले. आमच्या देशाचा समुद्र शेजारच्या देशवाल्यांनी जुन्या लढाईत घेतलेला. गावात तो कुणी पाहिलेला नाही, पण तो परत मिळावा म्हणून दरसाल शाळा मिरवणूक काढते.

फाकुंदोनं डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजी अंश बी त्येंनीच न्हेलं?"

"तसं नाही हो, हवेचा दाब..."

"खाली बसा, मास्तर! तेरा अंश हानलं त्येंनी, आनि आमी हुडकतोय हिच्या घागऱ्यात!"

मास्तर पुन्हा तोंड उघडणार, तोच सातुर्निना त्याच्या कानाशी लागली. "मास्तर, पळी हातात पडंस्तवर तुमची हवा जरा आतच ठिवा."

त्या साली मिरवणुकीत बँडच्याही पुढं सातुर्निना होती. डोक्यावर पातेलं, हातात उंच धरलेली पळी. मागं पोरांच्या हातात फलक: 'आमचे तेरा अंश परत द्या'. फाकुंदोची मेहुणी झाकण घेऊन चालत होती.

मिरवणूक संपल्यावर सातुर्निनानं सगळ्यांना सार वाढलं. फाकुंदोनं दोन वाडगी रिचवली, मिशा पुसल्या आणि मोठ्या मनानं म्हणाला, "जरा कच्चं लागतंय. पन त्यात तुजा दोस न्हाई."