लोहगाव ते जोरहाट, सरळ दोऱ्यानं

गेल्या सोमवारी, पहिल्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत, आमच्या टूलरूममधल्या मामांवर अन्याय झाला. कोण मामा, असं विचारणारा पिंपरीत नवा असला पाहिजे. विमानाची पायरीसुद्धा न चढता या माणसाइतका विमानप्रवास इथून चाकणपर्यंत दुसऱ्या कुणी केलेला नाही.

मामा मूळचे तळवड्याचे. मुलगी हवाई दलातल्या मेकॅनिकला दिली आणि जावयाची बदली थेट आसामात, जोरहाटला झाली. तेव्हापासून मामांच्या खोलीत शाळेतला भारताचा नकाशा टांगलेला आहे. लोहगावच्या विमानतळावर एक खिळा, जोरहाटला दुसरा आणि मध्ये मामींच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा, ताणून. तो जरा ढिला पडला की मामांना जेवण जात नाही. दोरा मोजून, नकाशाचं प्रमाण लावून, विमानाच्या वेगानं भागून त्यांनी हिशेब पक्का केलाय: "हितं सकाळचा च्या, तितं दुपारचा च्या." लोहगावहून जोरहाटला थेट विमानच नाही, हे मी त्यांना युनियनच्या पत्रकात लिहितो तसं मुद्दे पाडून सांगितलं. "नसंना का," मामा म्हणाले, "दोरा तर सरळ हाय न्हवं?" पुढे पुढे तर त्यांना जमिनीवरचं अंतर दिसेनासंच झालं. देहू किती लांब? "विमानानं? बसायच्या आत उतरायचं." एकदा मामींनी रॉकेल आणायला चिंचवडला पाठवलं, तर "मिंटाचं काम" म्हणून निघालेले मामा बस चुकून दिवेलागणीला उगवले. मामी म्हणाल्या, "यांचं विमान समद्या देशावरनं जातं, रॉकेलच्या दुकानापाशी तेवढं उतरत न्हाई."

आता मुलीला मुलगा झाला. नातू बघायला मामांनी तीन आठवड्यांची रजा मागितली. रजा देणारे साहेब हसले. "मामा, सगळ्या खात्याला तुम्हीच सांगता ना, सकाळचा चहा इथं, दुपारचा तिथं? मग चार दिवस पुष्कळ झाले." आणि अर्जावर खरोखरच चार दिवस लिहिले. गाड्या बदलत बदलत तिथं नुसतं जायला-यायलाच त्याहून जास्त लागतात, हे साहेबांना ठाऊक होतं. मामांनाही होतं. तरी त्यांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. बाहेर आलो, मामी डबा देऊन गेल्या, तेव्हा मीच त्यांच्यावर चिडलो, "आगगाडीचं सांगायचं नाही का तिथंच?"

मामांनी टोपी झटकली. मग म्हणाले, "कसं सांगू, भावा? तुझी मामी दाराशीच हुबी व्हती, डबा घिऊन. इतकी वर्सं तिला हेच सांगत आलोय, पोरगी लांब न्हाई म्हून."

सोमवारपासून दोरा ढिला आहे. मामांनी तो ताणलेला नाही.

उद्या जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या दाराशी या, एकूण एक खात्यातून या. मामा बोलणार नाहीत, बोलायचं आपण: रजा आगगाडीच्या हिशेबानं द्या. आणि तोवर, लोहगावहून उठलेलं एखादं विमान डोक्यावरून गेलं आणि मामा चालता चालता थांबून वर बघत राहिले, तर ते मुंबईला चाललंय, असं त्यांना कुणीही सांगू नका.