पडद्याची डावी कड

माझे मामा त्रिविक्रमराव यांनी जन्मभर चौकोन भरले. रेशमी साडीच्या काठावर जो मोर दिसतो, तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. एक चौकोन म्हणजे मागावरचा एक धागा. भरलेल्या चौकोनाशी जरीचा धागा वर येतो, रिकाम्याशी दडतो. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढतात, आणि मग विणकराच्या हातात फारसं काही उरत नाही. चौकोन चुकला की मोर चुकतो.

ऐंशीच्या दशकात मामा हे काम पेन्सिलीने करत. पुढे राधाकृष्ण चेट्टियारांनी, ज्यांच्या मागांसाठी मामा नक्षी काढत, एक संगणक घेतला. दुकानात रेशमाच्या लडींनाच जागा पुरत नव्हती, म्हणून तो मेलकावेरी पेठेत मामांच्या घरी, पुढच्या खोलीत आला. चाळिशी उलटलेले मामा माऊस धरायला शिकले. दिवसा ते चौकोन भरत आणि संध्याकाळी त्यांची मुलगी तुळसी मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावे. दोघं मिळून खेळत, म्हणजे ती जिंकत असे आणि मामा भिंतीवर आपटत असत.

"अप्पा, डावीकडून येतो तो! डावीकडून!"

"कोठें आहे गे? ह्या पडद्याला डावी कडच नाहीं."

आमची घरातली मराठी अशीच आहे, तीनशे वर्षांपूर्वी तमिळ मुलखात आलेल्या पूर्वजांची. महाराष्ट्रातून कोणी आलं की आम्हांला बखरीतली माणसं म्हणतात. दाराबाहेर पाऊल टाकलं की आम्ही तमिळ बोलतो.

डाव्या कडेची तक्रार आधी थट्टेतच होती. सत्त्याण्णव साली ती थट्टा राहिली नाही. शेजारच्या तिरुभुवनमच्या रंगा नावाच्या विणकराने विणलेल्या लग्नाच्या साडीत काठाच्या डाव्या टोकाचा मोर शेपटीवाचून निघाला. पुढच्या नक्षीत आंब्याचं देठ गायब झालं. साडी उसवता येत नाही. रंगा ती खांद्यावर टाकून चेट्टियारांकडे गेला आणि चेट्टियार त्याला नि त्याच्या बायकोला घेऊन मामांकडे आले. तमिळ लोक आम्हा मराठ्यांना रायर म्हणतात.

"रायर, पेन्सिलीने काढत होतात तेव्हा असं कधी झालं नाही."

"यंत्र बिघडलंय," मामा म्हणाले. "डावीकडे अंधार पडतो."

"मग यंत्र बदलू. उत्तम घ्या. चेन्नईची मोठी मागणी आलीये, पंधरवड्यात नक्षी हवी. पण यानंतर शेपटी उडाली, तर मी दुसरा माणूस बघेन. मला वाईट वाटेल, पण बघेन."

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन नुकताच घरी आलो होतो. जुना चौदा इंची मॉनिटर मी उघडला, पुसला, जुळवला. पडद्यावर जाळी काढून चारही कोपरे मापले. डावीकडे काहीच बिघाड नव्हता. तरी मी मामांना म्हणालो की पडद्यामागची चित्रनळी जुनी झाली की कडा मंदावतात. पुस्तकात तसं होतं आणि माझ्या मनातही तेच होतं.

मग मी निवडीला लागलो. संगणकाची जी मासिकं मिळाली ती चाळून मी मामांना समजावू लागलो. नक्षीला बारीक ठिपके हवेत, म्हणजे चौकोनाची धार फुटत नाही. खेळाला पडदा सेकंदाला जास्त वेळा रंगायला हवा, म्हणजे धावती मोटार फरफटत नाही. एकाच मॉनिटरमध्ये दोन्ही हवं तर सतरा इंच, ठिपका पाव मिलिमीटरचा, आणि सेकंदाला पंच्याऐंशी वेळा रंगणारा.

"खेळासाठीं म्हणून चेट्टियारांस नको सांगूं," मामा म्हणाले.

"मामा, खेळात जो चांगला तो नक्षीत डोळ्यांना सोसतो."

"तें सांग. तें बरें वाटतें ऐकायला."

तिरुच्चीला जायच्या गाडीत मामा खूश होते. पापनाशमला त्यांनी वडे घेतले आणि मला म्हणाले की इतकी मोठी वस्तू पसंत करायला आपल्या घरातलं कोणी कधी गेलंच नव्हतं. गाडीतून उतरताना त्यांचा डावा खांदा दाराला आपटला. तसा तो नेहमीच कुठेतरी आपटत असे. मामी त्यांना धांदरट म्हणायची, आम्हीही म्हणायचो.

दुकानात विक्रेत्याने दोन सतरा इंची मॉनिटर शेजारी मांडले आणि आमच्या विनंतीवरून जुन्या मापाचा एक चौदा इंचीही ठेवला. पहिल्या सतरा इंचीची नळी वेगळ्या धाटणीची होती, तिच्यात उभ्या तारा ताणलेल्या असतात. रंग असे की मामांनी खिशातून जरीचा तुकडा काढून पडद्याशी धरला आणि मान डोलवली. मी पांढरं पान लावलं. मामा पुढे वाकले.

"ही रेघ कसली रे, चंद्रू?"

मला रेघ दिसेना. नाक लावून पाहिलं तेव्हा पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात केसाहून बारीक आडवी सावली सापडली. उभ्या तारा हलू नयेत म्हणून आत एक आडवी तार असते, तिची ती सावली. विक्रेता हसला. "सार, वर्षात पन्नास मॉनिटर विकतो. ती तार बघणारे तुम्ही पहिले."

मीही हसलो. ज्याला ती तार दिसते त्याच्या नजरेबद्दल काय बोलायचं?

मग खेळ लावला. मामा खुर्चीत सरसावून बसले, पहिलं वळण सुंदर घेतलं, आणि डावीकडून पुढे आलेल्या लाल मोटारीवर सरळ जाऊन धडकले. पुन्हा लावला. पुन्हा तीच मोटार.

"हा मॉनिटर नको," मामा म्हणाले. "ह्यासही तोच रोग."

दुसऱ्यावर लावला. हा दुसऱ्या धाटणीचा, आडव्या तारेवाचूनचा. मोटार धडकली.

"सार," विक्रेता म्हणाला, "ती गाडी केव्हाची शेजारून चालली होती. मॉनिटर बदलून ड्रायव्हर बदलत नाही हो."

दुकानातले दोघं-तिघं हसले. मामाही हसले, पण मला हसू आलं नाही. घरचा जुना आणि हे दोन, असे तीन पडदे होते आणि तिन्हींना एकाच बाजूचा बिघाड होता. आम्हांला वर्गात शिकवलं होतं की सगळी मापकं एकच चूक दाखवू लागली तर मापकं तपासू नयेत.

मी म्हणालो, "मामा, एक चाचणी करू. पडद्याच्या मधोमध हा ठिपका आहे. त्याच्याकडेच बघायचं, नजर हलवायची नाही. मी कडेवरून माऊसचा बाण आत आणतो. दिसला की सांगा."

उजव्या कडेवरून बाण आत घेतला. "दिसला," मामा लगेच म्हणाले. वरून घेतला. "दिसला." मग डावीकडून. बाण कडेवरून आत आला, पाव पडदा ओलांडला, आणखी आत आला.

"आण की रे," मामा म्हणाले.

"आणतोय."

"आण मग."

बाण ठिपक्याच्या अगदी जवळ आला तेव्हा मामा दचकले. "आतां आला. एकदम कोठून आला?"

विक्रेता माझ्याकडे बघत होता, आणि आता कोणी हसत नव्हतं. मामांनी माझ्या हातातून माऊस घेतला आणि स्वतःच बाण डावीकडे नेला, आणला, नेला. डावीकडे नेला की तो जाई. अंधारात जाई असंही नाही, कारण तिथे अंधार नव्हताच. तिथे काही आहे हेच त्यांना कळत नव्हतं. नजर मुद्दाम वळवली की मोर, शेपूट, सगळं दिसे. नाही वळवली तर डोळा तिथे आपल्या मनाने पांढरा कागद भरून टाकी.

"मॉनिटर चांगला आहे," मामा शेवटी म्हणाले. "दोनही चांगले आहेत."

त्याच दुपारी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू निघाला. डॉक्टर भले होते, पण त्यांनी गोड काही सांगितलं नाही. डोळ्यातल्या दाबाने नस वाळली होती. वाळली ती परत येणार नव्हती. थेंब घालत राहिलं तर उरलेली टिकेल, कदाचित. मधली नजर शेवटपर्यंत लख्ख राहते म्हणून माणसाला कळतच नाही, असं ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी मार्ग काढला. तंत्र शिकलेल्या पोराला वाटतं, मार्ग असतोच.

"मामा, चौदा इंची घेऊ. थोडं मागे बसलात की सगळा पडदा तुमच्या नजरेत मावतो, दुकानातल्या चौदा इंचीवर निघताना करून पाहिलं ना. चेट्टियारांना सांगू की रंग चांगला होता. तुम्हांला आणखी काही वर्षं काम करता येईल."

"आणि काठ?"

"काठ तुकड्या-तुकड्याने बघायचा."

"मोर पडद्यावर पुरा मावत नाहीं त्यांत. चोच पाहीन तर शेपूट बाहेर." मामांनी थेंबांची बाटली खिशात ठेवली. "रंगा ती साडी खांद्यावर टाकून आला होता, पाहिलेंस ना तूं? त्याची बायको मागें उभी होती."

"तुमचं काम जाईल, मामा."

"जाईल की."

ते दुकानात परत गेले आणि विक्रेत्याला म्हणाले, "तार नसलेला द्या. नक्षीत रेघ नको." त्यांनी तो इतक्या बारकाईने बांधून घेतला की विक्रेत्याने दोरी तीनदा सोडली. "सासरी निघालेल्या मुलीचीही इतकी पाठवणी होत नाही, सार," तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीतरी बोलायचं होतं.

सतरा इंची मॉनिटर मेलकावेरीत उतरलाच नाही. मामांनी तो थेट चेट्टियारांच्या दुकानात नेला आणि सगळं सांगितलं. चेट्टियारांनी मॉनिटर उतरवून घेतला. मग त्यांनी लडींची एक फळी रिकामी करून घेतली. आठवड्याभरात संगणकही तिकडे गेला. संगणकाच्या क्लासातून अलमेलू नावाची मुलगी आली. हुशार होती. चेट्टियारांनी मामांना म्हटलं की अधूनमधून येत जा, रंग बघायला. किती वेळा, ते म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवशी मामा तिला शिकवायला गेले. मी सोबत होतो. जरीची लड पडद्याशेजारी धरून त्यांनी उजेड आणि रंग जुळवले, पिवळ्यात किंचित तांबडा वाढवला. अलमेलूने मोर उघडला. सगळा मोर, चोचीपासून शेपटीपर्यंत, एका वेळी पडद्यावर होता.

"सार, बरोबर आहे ना?"

मामांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मोर एकदम बघता येत नव्हता, म्हणून ते त्याला तुकड्यांत वाचत होते.

"बरोबर आहे, अम्मा. माझ्याहून बरा काढला आहेस."

मग ते उठले. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. मामा पायरी उतरून सरळ चालू लागले आणि डावीकडून आलेली सायकल त्यांच्या धोतराला घासत गेली. सायकलवाल्याने शिवी दिली. मी त्यांचा दंड धरला होता.

"दिसली होती मला," मामा म्हणाले.

मी हो म्हटलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला आलो.